पुडीवरचा इशारा आणि न छापलेली माहिती

जून महिन्यात शाळेचे नवे बूट घरात येतात. खोके उघडले की बुटाच्या टोकात कोंबलेला कागद निघतो आणि त्याच्या मागोमाग बोटाएवढी पांढरी पुडी बाहेर पडते. बूट पायात घालून पाहण्याच्या गडबडीत ती पुडी जमिनीवर पडते आणि घरात रांगते मूल असेल तर काही मिनिटांत त्याच्या हातात, पुढच्या क्षणी तोंडात जाते. मग धावपळ होते. पुडीवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘खाऊ नका, फेकून द्या’ अशा अर्थाचा इशारा असतो. एखाद्या पुडीवर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. ते पाहून आईवडिलांच्या काळजाचे पाणी होते. अनुभवी डॉक्टर मात्र शांतपणे विचारतात, ‘पुडी कशातून निघाली? मूल नीट श्वास घेते आहे ना? मग घाबरू नका.’

इथे कोणालाही प्रश्न पडेल. ही वस्तू विषारी नसेल, तर इशारा कशाला? आणि इशारा खरा असेल, तर डॉक्टर इतके निर्धास्त कसे? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. बहुतेक पुड्यांत जे असते ते खरोखरच जवळजवळ निरुपद्रवी असते, हा पहिला भाग. दुसरा भाग असा की, दिसायला अगदी तशाच असणाऱ्या काही पुड्यांत डोळा गमावायला लावील असा पदार्थ असतो आणि दोन्हींवर छापलेला इशारा मात्र एकच असतो. आजच्या लेखाचा मुद्दा हा दुसरा भाग आहे. पण तिथे जाण्याआधी पहिला नीट समजून घ्यायला हवा.

पाच कबड्डी मैदाने, एका ग्रॅममध्ये

बुटांच्या, पर्सच्या, कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या खोक्यातल्या पुडीत बहुधा सिलिका जेल असते. नावात ‘जेल’ असले तरी ते चिकट किंवा ओले नसते. साबुदाण्यासारखे कडक, पारदर्शक दाणे असतात. रासायनिकदृष्ट्या हा सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे ज्याची नदीकाठची वाळू बनलेली असते तोच पदार्थ. फरक रचनेत आहे. वाळूचा कण हा घट्ट स्फटिक असतो, तर सिलिका जेलचा दाणा आतून अतिसूक्ष्म छिद्रांनी पोखरलेला असतो. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल घालून आधी लिबलिबीत जेल तयार करतात, ते धुतात आणि वाळवतात. पाणी निघून जाते आणि त्याच्या जागी छिद्रांचे जाळे उरते.

या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅम सिलिका जेलचे पृष्ठफळ साधारण सहाशे ते आठशे चौरस मीटर भरते. म्हणजे कबड्डीची सुमारे पाच मैदाने चिमूटभर दाण्यांत सामावलेली असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू या भिंतींना चिकटून राहतात. स्पंज पाणी शोषतो तसा हा प्रकार नाही. पाणी दाण्याच्या पदार्थात मुरत नाही, पृष्ठभागावर धरून ठेवले जाते. शास्त्रीय भाषेत याला अधिशोषण म्हणतात. म्हणूनच दाणा ओला होत नाही, फुगत नाही, वितळत नाही आणि तरीही स्वतःच्या वजनाच्या 30 ते 40 टक्के पाणी धरू शकतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिलिका जेल तयार करण्याची पद्धत शोधून तिचे पेटंट घेतले. त्या युद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डब्यांत ते वापरले गेले. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आणि लष्करी सामग्री कोरडी ठेवण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला. आज ते घराघरांत पोहोचले आहे ते प्रामुख्याने जहाजांमुळे. उष्ण, दमट बंदरात भरलेला कंटेनर थंड समुद्रातून जाऊ लागला की आतल्या हवेतले बाष्प छतावर गोठून थेंबाथेंबाने मालावर पडते. कातड्याला बुरशी लागते, धातू गंजतो, विजेच्या उपकरणांतले सांधे खराब होतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यावर आणि चपलेवर हिरवट बुरशी कशी चढते, हे पाहिलेल्यांना याहून अधिक सांगायला नको.

आता समजा, मुलाने अशी एखादी पुडी फोडून त्यातले दाणे गिळले. ते पोटातले सगळे पाणी ओढून घेतील आणि शरीर सुकेल, असा एक समज आहे. थोडा हिशेब करू. पाच ग्रॅमच्या मोठ्या पुडीने पूर्ण क्षमतेने पाणी धरले, तरी ते दोन मिलिलिटर होईल. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावते. आपल्या तोंडात दिवसभरात अर्धा लिटरहून जास्त लाळ तयार होते. म्हणजे शरीराला जाणवावे एवढेही पाणी ही पुडी घेऊ शकत नाही. तोंड कोरडे पडेल, जिभेला दाणे चिकटतील, क्वचित मळमळेल. दाणे पचत नाहीत, रक्तात उतरत नाहीत आणि शौचावाटे बाहेर पडतात. इतकेच नव्हे, तर याच सिलिकॉन डायऑक्साइडची बारीक भुकटी अन्नपदार्थांत रीतसर वापरली जाते. मिठाच्या, मसाल्याच्या किंवा सूपच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘551’ हा आकडा दिसला, तर तो याचाच. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो घातलेला असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सिलिका’ म्हटले की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा भयंकर आजार आठवतो. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत आणि खंबातला अकीक घासणाऱ्या कामगारांत या आजाराने अनेक बळी घेतले. पण तो होतो स्फटिकी सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने. पुडीतले सिलिका जेल स्फटिकी नसते आणि त्याचे दाणे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाण्याइतके बारीकही नसतात. घरात फुटलेल्या एका पुडीचा सिलिकोसिसशी संबंध नाही.

मग इशारा कशासाठी?

तरीही इशारा अनावश्यक नाही. त्याची काही ठोस कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे घुसमट. पुडी किंवा तिच्यातला दाण्यांचा घास लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांत हाच खरा धोका आहे आणि त्याला विषाची गरज नसते. शेंगदाणाही तेच करू शकतो.

दुसरे कारण म्हणजे गल्लत. आपण पुड्यांच्या देशात राहतो. नूडल्सबरोबर मसाल्याची पुडी येते, रेल्वेत चहाबरोबर साखरेची येते, हॉटेलात बडीशेपेची येते. औषधाच्या दुकानात क्षारसंजीवनीची पुडी मिळते, तर किराणा दुकानात शाम्पूची पुडी माळेने लटकलेली असते. लहान, चौकोनी, दोन्ही टोके चिकटवलेली पुडी म्हणजे फाडून वापरायची वस्तू, हे आपल्या हातांना शिकवावे लागत नाही. त्यात ही पुडी सुकामेव्याच्या, खाकऱ्याच्या किंवा मिठाईच्या डब्यात असेल, तर ती फाडून वर भुरभुरण्याचा मोह कोणालाही होईल. चष्मा हाताशी नसलेल्या आजीला ती मसाल्याची वाटली, तर दोष आजीचा नाही.

तिसरे कारण औषधांच्या बाटल्यांशी जोडलेले आहे. काही गोळ्यांच्या बाटलीत पुडीऐवजी छोटी नळकांडी असते. आकार जवळपास मोठ्या कॅप्सूलइतकाच. दिवसातून सात-आठ गोळ्या तळहातावर ओतून घेणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने ती गोळी समजून गिळल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. नळकांडी विरघळत नाही, त्यामुळे ती अन्ननलिकेत अडकली तर दुर्बिणीने काढावी लागते. म्हणून अशा बाटलीतून गोळ्या हातावर न ओतता एकेक काढाव्यात. मात्र ती नळकांडी वैतागून फेकूनही देऊ नये. दमट हवेत काही औषधांची शक्ती झपाट्याने कमी होते. मधुमेहींच्या साखर तपासण्याच्या पट्ट्यांच्या डबीतही असाच शोषक बसवलेला असतो. ती डबी उघडी राहिली, तर यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. ‘फेकून द्या’ हा सल्ला बुटाच्या खोक्याला लागू आहे. औषधाच्या बाटलीला तो औषध संपल्यावरच लागू होतो.

चौथे कारण रंगाचे. विजेच्या रोहित्राला लटकवलेल्या काचेच्या बरणीत निळे दाणे अनेकांनी पाहिले असतील. हेही सिलिका जेलच, पण त्यावर कोबाल्ट क्लोराइडचा लेप असतो. दाणे कोरडे असताना निळे, तर पाण्याने भरले की गुलाबी होतात आणि ते बदलण्याची वेळ झाल्याचे कळते. कोबाल्ट क्लोराइडची गणना युरोपात कर्करोगकारक पदार्थांत होते आणि 2008 मध्ये युरोपीय संघाने अतिचिंताजनक रसायनांची जी पहिली यादी केली, तिच्यात त्याचा समावेश होता. हा धोका मुख्यतः कारखान्यात त्याची धूळ श्वासावाटे घेणाऱ्यांना असतो. चार-दोन निळे दाणे गिळल्याने कर्करोग होत नाही. मात्र मळमळ, उलटी होऊ शकते आणि असे दाणे अन्नाजवळ असता कामा नयेत. आता पुष्कळ ठिकाणी कोबाल्टविरहित नारंगी दाणे वापरले जातात.

एकच पोशाख, निराळे स्वभाव

आता सर्वांत महत्त्वाच्या कारणाकडे वळू. सगळ्याच पुड्यांत सिलिका जेल नसते.

काहींत बेंटोनाइट नावाची माती असते. ती कच्छ आणि राजस्थानात विपुल सापडते आणि सिलिका जेलइतकीच निरुपद्रवी असते. कपाटात टांगायच्या, खाली पाणी साठत जाणाऱ्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असते. ते हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. साठलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते तीव्र खारवण असते. त्वचेला आणि डोळ्यांना ते झोंबते, कातड्यावर सांडले तर कातडे खराब होते.

मिठाई, केक, सुकामेवा यांच्या पाकिटातली पुडी पुष्कळदा ओलावा शोषणारी नसतेच. ती प्राणवायू शोषते. तिच्यात लोखंडाची बारीक भुकटी आणि थोडे मीठ असते. ही भुकटी गंजताना पाकिटातला प्राणवायू संपवते, त्यामुळे बुरशी वाढत नाही आणि तेल खवट होत नाही. लोहाच्या गोळ्या मुठीने खाल्ल्याने मुलांना होणारी विषबाधा बालरोगतज्ज्ञांना चांगली माहीत आहे. पुडीतली लोहभुकटी त्या गोळ्यांतल्या क्षारांइतकी सहज शोषली जात नाही, त्यामुळे धोका कमी असतो. पण तो शून्य नाही. पाळीव कुत्र्यांनी अशा पुड्या फस्त केल्यावर त्यांना लोहाची विषबाधा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकांनी नोंदवली आहेत. ही पुडी ओळखण्याची घरगुती युक्ती सोपी आहे. फ्रिजवरचे चुंबक तिला लावून पाहा. चिकटले तर आत लोखंड आहे.

आणि चौथा प्रकार आहे कळीच्या चुन्याचा. जपान, कोरिया, चीन, तैवान या देशांत समुद्रशेवाळाचे पापड, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या यांच्या पाकिटांत कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना भरलेली पुडी असते. हे खाद्यपदार्थ आता आपल्याकडेही मिळतात. कळीचा चुना विरवताना पिंपातले पाणी कसे खदखदते, हे घराला चुना काढण्याचा काळ पाहिलेल्यांना आठवत असेल. तीच क्रिया पुडी फुटून चुना ओल्या जिभेवर पडला तर तिथे होते. उष्णता निर्माण होते आणि तयार झालेला विरलेला चुना तीव्र अल्क असल्याने ऊती जाळतो. मुलांनी गंमत म्हणून अशी पुडी पाण्याच्या बाटलीत टाकून झाकण लावल्यावर बाटली फुटून डोळ्यांना गंभीर इजा झाल्याचे पूर्व आशियातील नेत्ररोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. अल्काची इजा आम्लाच्या इजेपेक्षा वाईट, कारण अल्क पृष्ठभागावर थांबत नाही, आत शिरत जाते. आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हे नवीन नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबताना ती फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो आणि बुबुळ पांढरे पडते, अशी प्रकरणे भारतातील नेत्ररुग्णालयांत वर्षानुवर्षे येत आली आहेत.

म्हणजे वाळूच्या नात्यातला निरुपद्रवी पदार्थ, माती, लोखंड आणि डोळा जाळणारा चुना हे सगळे जवळपास एकाच मापाच्या पांढऱ्या पुड्यांत भरलेले असतात. त्यांवर आत काय आहे हे लिहिलेले असेलच असे नाही. ‘खाऊ नका’ मात्र सगळ्यांवर असते.

सोफ्यातली पुडी

हा केवळ तांत्रिक तक्रारीचा मुद्दा नाही, हे युरोपातील एका प्रकरणाने दाखवून दिले. 2006 च्या सुमारास फिनलंडमध्ये आणि पुढे ब्रिटन, फ्रान्स अशा देशांत त्वचारोगतज्ज्ञांकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. पाठ, मांड्या, कंबर आणि दंडांवर भाजल्यासारखे लाल चट्टे, असह्य खाज आणि नेहमीच्या मलमांना दाद न देणारी सूज. संसर्ग सापडेना. कारणे शोधता शोधता धागा घरातल्या नव्या सोफ्यांपर्यंत आणि आरामखुर्च्यांपर्यंत पोहोचला. हे फर्निचर चीनमध्ये बनून समुद्रमार्गे युरोपात आले होते. प्रवासात कातड्याला बुरशी लागू नये म्हणून आतल्या बाजूला छोट्या पुड्या ठेवल्या होत्या आणि त्यांत डायमिथिल फ्युमरेट हे बुरशीनाशक होते. माणूस सोफ्यावर बसला की अंगाच्या उबेने त्या रसायनाची वाफ होई, ती कातड्यात आणि कपड्यांतून त्वचेपर्यंत जाई. फिनलंडचे त्वचारोगतज्ज्ञ तापियो रँटानेन यांनी 2008 मध्ये या साथीचे कारण म्हणून या रसायनाच्या अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवले.

युरोपीय संघाने 1 मे 2009 पासून हे रसायन असलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंवर बंदी घातली. मर्यादा ठरवली किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे व्यवहारात जवळपास शून्य. ब्रिटनमध्ये शेकडो ग्राहकांना नुकसानभरपाई मिळाली. गंमत अशी की, हेच डायमिथिल फ्युमरेट ठरावीक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सोरायसिस आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांवर औषध म्हणून दिले जाते. पदार्थ चांगला की वाईट हे त्याच्या नावावर ठरत नाही. तो कुठे, किती आणि कोणाच्या माहितीने वापरला, यावर ठरते.

या प्रकरणात पुडी कोणी खाल्ली नव्हती. ती कोणाला दिसलीही नव्हती. त्यावर ‘खाऊ नका’ असे कितीही मोठ्या अक्षरांत छापले असते, तरी एकाही रुग्णाची त्वचा वाचली नसती. आत काय आहे याची माहिती आयातदाराकडे, दुकानदाराकडे आणि डॉक्टरांकडे असती, तर कारण शोधायला लागलेला वेळ वाचला असता.

काय करायचे, काय नाही

मुलाने पुडी फोडली असेल, तर पहिल्यांदा त्याचा श्वास पाहा. मूल रडत किंवा जोरात खोकत असेल, तर हवा आत-बाहेर होते आहे. खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळसर होत असतील, तर ती घुसमट आहे. एक वर्षाखालच्या बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा द्या आणि कोणाला तरी 108 वर रुग्णवाहिका बोलवायला सांगा. श्वास ठीक असेल, तर तोंडातले दाणे बोटाला ओले फडके गुंडाळून पुसून काढा आणि घोट-घोट पाणी द्या.

पुडी चुन्याची असेल किंवा तशी शंका असेल, तर तोंड भरपूर पाण्याने खळाळून टाका आणि लगेच रुग्णालय गाठा. चुना डोळ्यात गेला असेल, तर दिसणारे कण अलगद टिपून काढा आणि नळाच्या स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली डोळा किमान 15 ते 20 मिनिटे धुवा. डॉक्टर मिळेपर्यंत थांबायचे नाही. आधी डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचे, हाच क्रम. तूप, दूध, मध, लिंबू यांतले काहीही डोळ्यात घालू नका.

उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची आपल्याकडची रीत अत्यंत घातक आहे. मुलाच्या रक्तातले सोडियम त्याने जीवघेण्या पातळीवर जाऊ शकते. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा ताकही देऊ नका. आणि पुडीचे कागद, उरलेले दाणे, मूळ पाकीट हे सगळे डॉक्टरांकडे घेऊन जा. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. हा क्रमांक फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. पांढऱ्या पुडीने घाबरणारी घरे काही वेळा त्याहून कितीतरी घातक वस्तू निर्धास्तपणे वापरतात. धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून टाकली जाणारी अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फिन हा प्राणघातक वायू सोडते आणि त्या विषावर उतारा नाही. तिची विक्री कायद्याने मर्यादित आहे. ती घरात आणूच नये. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्याही खडीसाखरेसारख्या दिसतात आणि काही मुलांत त्यांनी रक्तपेशी फुटतात. भीती योग्य जागी बसायला हवी.

लेबलाने बोलावे

आता पुन्हा इशाऱ्याकडे वळू. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमानुसार अन्नाच्या पाकिटातली पुडी खाद्य वाटण्याची शक्यता असेल, तर तिच्यावर ‘खाऊ नका’ हे शब्द किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आणि शक्य असेल तिथे चिन्हासह छापावे लागतात. चिन्हाचा आग्रह महत्त्वाचा आहे. इशारा वाचता येणाऱ्यालाच उपयोगी पडतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पुड्यांवर बहुधा इंग्रजी असते, कधी चिनी किंवा जपानी. ती हाती पडते ती मुलाच्या, आजीच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईंच्या.

चिन्हांची भाषा भारताला नवी नाही. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका न वाचता कळतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांत आणखी एक चिन्ह आहे. देवापुढच्या दिव्याचे तेल किंवा तूप अशा, दिसायला खाद्य पण खाण्यासाठी नसलेल्या वस्तूंवर चौकोनात काळी फुली छापणे बंधनकारक आहे. दिव्याच्या तेलावर जी फुली शोभते, ती खाकऱ्याच्या डब्यातल्या पुडीवर का नसावी? चिन्ह तयार आहे, नियमाचे तत्त्व मान्य झालेले आहे. त्याची व्याप्ती पाकिटाच्या आतपर्यंत न्यायची आहे.

पण फुलीने अर्धेच काम होईल. उरलेले अर्धे काम पदार्थाचे नाव करील. ‘सिलिका जेल’, ‘लोहभुकटी’, ‘कळीचा चुना’ एवढे दोन शब्द पुडीवर मराठीत, हिंदीत, जिथे माल विकला जातो तिथल्या भाषेत असले, तर रात्री अकरा वाजता फोन उचलणाऱ्या डॉक्टरला पुढचा प्रश्न विचारावा लागणार नाही. सिलिका जेल असेल तर आईवडिलांचा रुग्णालयापर्यंतचा हेलपाटा वाचेल, चुना असेल तर मुलाचा डोळा वाचेल. यासाठी लागणारा खर्च शाईच्या चार थेंबांचा आहे.

सगळ्या धोक्यांना एकच ओरड लावली, की काही दिवसांनी कान ती ऐकेनासे होतात. निरुपद्रवी पुडीवरची कवटी दहा वेळा खोटी ठरली, की अकराव्या, चुन्याच्या पुडीवर कोण विश्वास ठेवील? इशारा नेमका असेल तरच लोक तो मानतात. तोवर आपल्या हाती एवढेच आहे. नवे खोके उघडले की आधी पुडी शोधायची, वाचायची, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी टाकायची किंवा ठेवायची आणि मग बूट पायात घालून पाहायचे.